टेलिग्राम ग्रुपवर रात्री 'ऐकणारी' टीम ठेवायचीये, ट्रेनिंग किती आणि कसलं लागतं?

रात्रपाळी_पेठ
नमस्कार मंडळी. आमचा एमपीएससीवाल्यांचा टेलिग्राम ग्रुप आहे, चारेक हजार पोरंपोरी, निम्मी पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी, बाकीची गावाकडून अभ्यास करणारी, आणि आता बारावीची पण काही घुसलीत. नोट्स, कटऑफ, आयोगाला शिव्या हे रोजचं चालतं पण निकालाच्या रात्री ग्रुपचा नूरच वेगळा असतो. मागच्या वेळी पूर्वचा निकाल लागला त्या रात्री पावणेदोनला एकाने एवढंच टाकलं, 'घरी काय तोंड दाखवू, आता बास'. आणि खाली रिप्लाय काय, तर तीन हात जोडलेले इमोजी, एक 'भावा जिद्द सोडू नको' आणि एकाने चक्क टेस्ट सिरीजची लिंक. मी ॲडमिन, जागाच होतो, पण काय लिहावं सुचेना, टाइप करायचो आणि खोडायचो. पोरगं सुखरूप आहे, गावी गेलं, पण माझ्या डोक्यातून ती रात्र जात नाही.

आता आम्ही आठ जण मिळून पीअर काउन्सेलरची, म्हणजे आपल्यातल्यांनीच आपल्यातल्यांचं ऐकून घ्यायची, टीम करायचं म्हणतोय. त्यातल्या एकाने 499 रुपये भरून दोन तासांचा ऑनलाइन कोर्स केला, क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट मिळालं, आणि आता डीपीखाली 'सर्टिफाइड काउन्सेलर' लिहून बसलाय. एवढं पुरतं का? नसेल तर नेमकं काय शिकायचं, कुणाकडून, आणि उद्या काही उलटं झालं तर आमच्या गळ्यात येईल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

क्लिनिकल_ठाणे
सगळ्यात आधी ते डीपीखालचं काढायला लावा. आजच.
मी आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, 1992च्या कायद्याखाली ते रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याच्यासाठी एमए झाल्यावर आणखी दोन वर्षं हॉस्पिटलात घासावी लागली. 2021च्या अलाइड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांच्या) कायद्याच्या यादीत तर सायकॉलॉजिस्टबरोबर काउन्सेलर मंडळी पण आलीत, त्यामुळे हा शब्द कुणीही कपाळावर लावून फिरायचे दिवस सरत आलेत. स्पष्ट विचाराल तर टीमबिम काही करू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर पिन करा, ऑक्टोबर 2022पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हौशी लोकांनी केलेलं निस्तरायला शेवटी आमच्याकडेच येतात.

सासष्टीकर
सर, शब्दाबद्दल मान्य. पण हौशी म्हणून सगळ्यांना एका फटक्यात बाद करू नका. आमच्या गोव्यातच संगथ या संस्थेने हे करून दाखवलंय, 10 प्राथमिक आरोग्य केंद्रं, तीव्र डिप्रेशनचे 495 पेशंट, आणि त्यांच्याशी बोलणारे सायकॉलॉजीची डिग्री नसलेले साधे लोक. सहा ते आठ बैठका, त्यातही थोर काही नाही, माणूस हळूहळू परत कामाला, बाहेर जायला, लोकांत मिसळायला कसा लागेल एवढंच धरून बोलायचं. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या लोकांची तब्येत जास्त सुधारली, 2017मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

पण लोक इथपर्यंतच वाचतात आणि 'बघा, डिग्री लागत नाही' म्हणून उड्या मारतात. ते काही फुकटचे व्हॉलंटियर नव्हते, पगारी होते, निवडून घेतलेले, आधी वर्ग, मग इंटर्नशिप. आणि मेन म्हणजे नंतर काम चालू असताना पण थांबत नव्हतं, एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ग्रुपमध्ये बसून ऐकायची, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मार्क द्यायचे, कुठे घाई केलीस, कुठे उपदेश झाडलास ते तोंडावर सांगायचं. तुमच्या 499वाल्याला विचारा, तुझं चॅट कोण वाचणार आणि चुकलं तर कोण सांगणार. तिथे उत्तर नसेल तर दोन तासांचा कोर्स काय आणि दोनशे तासांचा काय.

जोशात_रहा
एवढं टेन्शन कशाला, एखादा चांगला मोटिव्हेशनल स्पीकर बोलवा, झूमवर ठेवा, पोरं चार्ज होतील.

निवृत्त_बँकवाली
जोशात, नको रे बाबा. रात्री पावणेदोनला चार्ज नाही व्हायचं असतं कुणाला.

रात्रपाळी, मी बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून एका हेल्पलाइनवर बसते, नाव नाही सांगत, तिथे तसा नियमच आहे. आमच्याकडे आधी मुलाखत होते आणि त्यात माणसं गळतात. घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांना सांगतात सहा महिन्यांनी या, आणि 'मला लोकांना मार्ग दाखवायला आवडतं' म्हणणाऱ्यांना तर चहा पाजून परत पाठवतात 😄 मी स्वतः पहिल्या वेळी गळणार होते कारण आयुष्यभर कर्जदारांना सल्ले देऊन जीभ तशीच वळलेली.

मग सलग सहा शनिवार ट्रेनिंग, त्यातलं निम्मं रोल-प्ले. एक जण रडणारा, एक ऐकणारा, बाकीचे वहीत लिहिणार. माझा पहिला अजून आठवतो, समोरची म्हणाली नवरा बोलत नाही माझ्याशी, आणि मी अर्ध्या मिनिटात तिला महिला मंडळात पाठवून मोकळी! सरांनी थांबवलं आणि विचारलं, तो कधीपासून बोलत नाहीये ते विचारलंत का, जेवली का ते विचारलंत का. नव्हतं विचारलं. ट्रेनिंगनंतर कितीतरी दिवस नुसतं सीनियरच्या शेजारी बसून ऐकायचं, फोनला हात नाही. आणि अजूनही दर शिफ्टनंतर पंधरा मिनिटं कुणापाशी तरी मोकळं व्हायचं, त्याशिवाय घरी जायचं नाही.

एक गोष्ट नवीन पोरांना सगळ्यात जड जाते ती म्हणजे सरळ विचारणं. 'जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?' असं, याच शब्दांत. सगळ्यांना वाटतं विचारलं तर डोक्यात घालू आपण. नाही घालत, उलट समोरच्याला हायसं वाटतं की कुणीतरी बोललं बाबा. हो म्हणाला तर पुढचं, कसं करायचं ठरवलंय का, ते जवळ आहे का, आत्ता खोलीवर कोण आहे. तिथून पुढे तुमचं काम त्याला शहाणं करणं नाही, त्याच्या शेजारी जिवंत माणूस आणून बसवणं. रूममेट, मेसवाल्या मावशी, घरचं कुणी, नाहीतर 112. आरशासमोर म्हणून बघा ते वाक्य, पहिले दहा वेळा तोंडातून बाहेर पडत नाही.

चॅटवर तर अजून अवघड. फोनवर श्वास तरी ऐकू येतो, इथे तो टायपिंग... टायपिंग... आणि गप्प. घाबरून चार मेसेज टाकू नका, एकच टाका, 'आहे मी इथेच, सावकाश लिही'.

आणि क्लिनिकल सर, रागावू नका, पण ही हेल्पलाइनची कल्पनाच मुळात तशी निघाली. लंडनचे पाद्री चॅड वारा, 1953 साल, लोक भेटायला यायचे आणि रांग लागायची म्हणून रांगेतल्यांना चहापाणी विचारायला काही साधी माणसं ठेवली, तर लोक त्यांच्याशीच बोलून, पाद्रीबुवांना न भेटता घरी जायला लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी फोनच त्यांच्या हातात दिला.

आजचा_दिवस
दारू सुटून नऊ वर्षं झाली, पहिल्या महिन्यापासून एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) मीटिंगला जातो. आमच्यात स्वतः त्यातून गेलेलाच दुसऱ्याचा हात धरतो, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पण 1986पासून तिथूनच बरे झालेले पेशंट पुढे काउन्सेलर झालेत. पण भोगलंय म्हणून येतंच असं नाही हां. मी स्पॉन्सर, म्हणजे नवीन आलेल्याला सांभाळणारा जुना मेंबर, झालो तेव्हा पहिल्या पोराला तासभर माझीच स्टोरी ऐकवली, माझं लिव्हर, माझी बायको, माझी नोकरी. तो शेवटी म्हणाला, 'दादा मी निघू का, शेवटची बस आहे'. तुमच्यातला जो 'मी पण तीनदा मेन्स फेल झालो' म्हणून सुरू होईल त्याला दोन ओळींनंतर थांबवायला कुणीतरी ठेवा.

क्लिनिकल_ठाणे
काकू, रागावत नाही, चहाची गोष्ट माहीत नव्हती.
बरं, करणारच असाल तर दोन गोष्टी पक्क्या करा. काउन्सेलर म्हणू नका, 'ऐकणारे मित्र' म्हणा, आणि टीमला महिन्यातून दोनदा भेटणारी एक क्वालिफाइड व्यक्ती हवीच. दुसरं, 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, आणि तुमच्यात बारावीची पोरं आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, अठराखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पोक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, व्हॉलंटियर असलात तरी. हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका, नंतर सांगितलं की पोराला वाटतं फसवलं. आणि पोलीस केसच्या भीतीने पोरं गप्प बसतात त्यांना 2017च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याचं कलम 115 सांगा, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो, खटला-शिक्षा होऊ नये म्हणून.
गळ्यात येण्याचं विचारलंत, तर मी वकील नाही, पण नसलेली पदवी मिरवली आणि स्क्रीनशॉट बाहेर गेले, माझ्या पाहण्यात भानगडी या दोनच गोष्टींवरून झाल्यात.

रात्रपाळी_पेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. डीपीखालचं निघालं, भाऊ जरा फुगलाय पण निघालं. आठातले तिघं स्वतःहून थांबले, त्यातला एक म्हणाला माझंच डोकं ठिकाणावर नाही सध्या, मग आम्ही आधी त्याच्याशीच बसलो दोन तास. उरलो पाच. पाच जण रोज रात्र काढू शकत नाही म्हणून फक्त निकालाचा आठवडा धरायचा, अकरा ते दोन, दोघं दोघं, आणि बाकी वेळ 14416 पिन. आमच्या अभ्यासिकेतल्या एकीची मावशी सायकॉलॉजिस्ट आहे, ती महिन्यातून दोनदा बसायला तयार आहे.

काकू, रविवारी चार वाजता अभ्यासिकेच्या गच्चीवर पहिला रोल-प्ले ठेवलाय. याल का? चहा आमच्याकडून. ते सरळ विचारायचं वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं, चौथ्यांदा अर्ध्यावर आवाज गेला.

निवृत्त_बँकवाली
येते की. पण रडणारी मी होणार आणि मी लवकर ऐकत नाही हां, तयारीत राहा. चहा बिनसाखरेचा.