मदत हवी आहे: आजीची वाकळ परत शिवायची आहे, दोरा आणि सुई कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, हाताने गोधडी शिवणारे किंवा घरात कुणी शिवणारं आहे अशांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, जरा लांबलंय.

आम्ही सांगलीचे. आजीच्या हातची एक वाकळ आहे घरी, वर तिचं इरकल लुगडं, खाली आजोबांचं धोतर आणि मधे जुनेरांचे थर. २०१९ च्या महापुरात ती कपाटात तशीच भिजून राहिली, पाणी उतरल्यावर धुवून कडक उन्हात वाळवली. कापड बऱ्यापैकी वाचलंय पण दोरा जागोजागी कुजलाय, नुसता हात फिरवला तरी टाके सुटून येतात आणि आतलं जुनेर एका बाजूला गोळा होतं. घरचे म्हणतात वरून खोळ घाल नि वापर, पण मला तिच्यासारखंच शिवायचंय, काठापासून धावदोरा सुरू करून चौकोनात आत आत जात मध्यापर्यंत.

मुख्य प्रश्न दोऱ्याचा. बाजारात विचारलं की सगळे पॉलिस्टरचं रीळ पुढे करतात, मजबूत आहे ताई, तुटणार नाही म्हणतात. मला तेच तर नकोय! कापड झालंय झिजून मऊ, त्यात न तुटणारा दोरा घातला तर ओढ बसेल तेव्हा कापडच फाटणार, दोरा तसाच राहणार. सुती दोरा असला तर आधी तो तुटेल, आणि दोरा परत घालता येतो, लुगडं कुठून आणायचं? म्हणून सुतीच घ्यायचा हे नक्की आहे, अडलंय ते कुठला सुती यावर.

तिच्याच एका उरलेल्या जुनेराचे थर करून त्यावर बघितलं. अँकरचा पर्ल कॉटन ८ नंबर (१० ग्रॅमचा गोळा मिळतो तो) दिसायला सुंदर, टाका कसा उठून दिसतो, पण तो जाड असल्याने मोठ्या नेढ्याची सुई लागते आणि भोक मोठं पडतं. १२ नंबर त्याहून बारीक असतो, तो कुणी गोधडीला वापरलाय का, टिकतो का? भरतकामाच्या लडीतले सहापैकी दोन पदर घेतले तर भोक छोटं पडतं, पण इतक्या थरांतून ओढताना दोऱ्याला कूस सुटते. ऑनलाइन हाताच्या क्विल्टिंगचा म्हणून वेगळा सुती दोरा मिळतो, त्याला वरून खळीसारखा गुळगुळीत लेप असतो, ओढायला मस्त, गाठी पडत नाहीत. पण धुतल्यावर लेप गेला की आतला दोरा कसा राहतो हे ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा ना.

आजी दोरा मेणावरून ओढून घ्यायची. मांघरचं (महाबळेश्वरजवळचं, २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते) मधमाशीचं मेण आणवलंय, दोरा खरंच शहाण्यासारखा वागतो, पीळ पडत नाही. शंका एवढीच की लुगड्यावर मेणाचे डाग किंवा धूळ धरेल का? कुणी मेण लावून वरून कागद ठेवून गरम इस्त्री फिरवतात म्हणे, म्हणजे मेण आत मुरतं, अनुभव आहे का कुणाला?

आता सुई. तिची सुई आखूड आहे आणि वापरून वापरून मधे किंचित वाकलीय, पण त्या बाकामुळेच ती थरात शिरून आपोआप वर येते, एका दमात तीन-चार टाके सुईवर घेता येतात. ती मी केसांच्या पुरचुंडीत टोचून ठेवलीय, तिचीच पद्धत, केसाच्या तेलाने गंज धरत नाही. पण ती मोडली तर? म्हणून तशी दुसरी हवीय. क्विल्टिंगच्या आखूड सुयांना बिट्वीन्स म्हणतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक नि आखूड. दुकानात साध्या लांब सुयांची पाकिटं नाहीतर थेट दाभण. एवढ्या थरांना ७ नंबर घेऊ की ९?

आणि अंगुस्तान. पितळेचं आहे, तिच्या मधल्या बोटाचं, मलाही बरोब्बर बसतं. पण जिथून ती सुई रेटायची तिथले खळगे पार गुळगुळीत झालेत, सुई सटकते. खळगे परत पाडून मिळतील का, आणि सोनाराकडे नेऊ की तांबटाकडे? नवीन स्टीलचं मिळतं हो, पण मला हेच वापरायचंय.

सांगली-मिरजेत चांगला सुती दोरा कुठे मिळेल तेही सांगा, साताऱ्याला खण आळीत कुणी ठेवत असेल तर येईन, इचलकरंजीलाही जायची तयारी आहे.

भर: मशीनवर का नाही घालत असं दोघांनी विचारलंय. एक म्हणजे एवढे थर मशीनच्या पायाखाली नीट सरकत नाहीत, वरचं लुगडं पुढे जातं नि चुण्या पडतात. दुसरं, मशीनचा टाका बारीक आणि घट्ट, ओळीने भोकं पडली की जुनं कापड त्याच रेषेवर फाटतं. हाताचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सैलसर, कापडाला हलायला जागा राहते.

आणि एक राहिलंच, जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतायत. नवीन टाका त्याच भोकांतून घालायचा की शेजारून? मला शेजारून बरं वाटतंय, पण काठाजवळ कापड फारच विरलंय, तिथे आतून मलमलची पट्टी लावून मग शिवावं का? ज्यांनी अशी विरलेली वाकळ दुरुस्त केलीय त्यांनी फोटो टाकले तर फार मदत होईल, काठाला हात लावायच्या आधी बघून घेईन.