कॅमॅरो, मस्टँग की चॅलेंजर: चालवायला सर्वांत चांगली गाडी कोणती?

घाटमाथा

शेव्हरोलेची कॅमॅरो, फोर्डची मस्टँग आणि डॉजची चॅलेंजर या तीन अमेरिकी गाड्यांची तुलना निघाली की चर्चा अश्वशक्तीच्या आणि शून्य ते साठ मैलांच्या आकड्यांपाशी येऊन थांबते. मला इथे फक्त गाडी चालवताना हाताला, पायाला आणि पाठीला काय जाणवते याविषयी बोलायचे आहे. त्या बाबतीत माझे मत ठाम आहे. सहाव्या पिढीची, म्हणजे २०१६ च्या मॉडेलपासूनची, कॅमॅरो एसएस ही तिन्हींमध्ये सर्वांत चांगली चालणारी गाडी होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबले, हे मोठे नुकसान आहे.

तुलना बरोबरीची व्हावी म्हणून २०१८ मध्ये सुधारलेली मस्टँग जीटी (५.० लिटर, ४६० अश्वशक्ती), कॅमॅरो एसएस (६.२ लिटर, ४५५) आणि चॅलेंजर आर/टी स्कॅट पॅक (६.४ लिटर, ४८५) या गाड्या घेऊ. तिन्हींत व्ही-८ इंजिन आहे, तिन्ही मागच्या चाकांवर चालतात आणि तिन्ही सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळत होत्या. त्यामुळे आकडे पाहून त्यांच्यातला फरक कळत नाही.

फरक आहे तो चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात. जनरल मोटर्सने ही कॅमॅरो ज्या अल्फा चासीवर बांधली, ती मुळात कॅडिलॅक एटीएससाठी, म्हणजे जर्मन सेडान गाड्यांना टक्कर देण्यासाठी तयार झाली होती. तिचा परिणाम पहिल्याच वळणावर कळतो. स्टिअरिंग जरासे फिरवले की नाक लगेच आत येते आणि मागचा भाग त्याच क्षणी त्याच्यामागून वळतो. दोघांमध्ये वाट पाहावी लागत नाही. मस्टँगमध्ये हीच क्रिया दोन टप्प्यांत होते, कारण आधी नाक वळते, मग गाडी बाहेरच्या बाजूला कलून स्थिरावते आणि त्यानंतरच रेस देण्याचा धीर होतो. २०१५ पासून मस्टँगच्या सर्व मॉडेलांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले ही मोठी सुधारणा होती, पण मागची सबफ्रेम, म्हणजे मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट, ज्या रबरी बुशांवर (गाद्यांवर) बसवली आहे ते बुश मऊ आहेत, त्यामुळे जोरात रेस दिल्यावर मागचा भाग किंचित चुळबुळतो. ते बुश जखडून ठेवणारे सुटे भाग बाजारात इतके खपतात, यातच काय ते आले.

१एलई या ट्रॅकसाठीच्या पॅकेजची कॅमॅरो एसएस तर आणखी वेगळी. तिच्या शॉक अब्सॉर्बरमधल्या द्रवात लोखंडाचे बारीक कण असतात आणि चुंबकीय क्षेत्र बदलले की तो द्रव काही मिलिसेकंदांत घट्ट किंवा पातळ होतो. मिशिगनच्या हिवाळ्यानंतर फुटलेल्या रस्त्यांवरसुद्धा ती वळणात रेषा सोडत नाही. चॅलेंजरविषयी फार लिहीत नाही, कारण वळणांचा विचार करून ती बांधलेलीच नाही.

पाचलिटर

घाटमाथा, चासीविषयीचे तुमचे निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. गाडी चालवण्याच्या अनुभवातून तुम्ही इंजिन आणि काच या दोन्ही गोष्टी वगळल्या आहेत.

आधी इंजिन. कॅमॅरोचे एलटी१ हे पुशरॉडचे (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे), प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेले इंजिन आहे. त्याला ६१७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे आणि कोणत्याही गिअरमध्ये ते ओढते, याबद्दल वाद नाही. पण मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास त्याचे सांगणे संपते. मस्टँगच्या कोयोटी इंजिनाला चार कॅमशाफ्ट आणि बत्तीस व्हॉल्व्ह आहेत आणि २०१८ पासून ते साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाते. चार हजारांपर्यंत ते शांत आणि सभ्य असते, पाच हजारांच्या पुढे आवाज कोरडा आणि टोकदार होत जातो, आणि प्रत्येक गिअर शेवटपर्यंत ओढावासा वाटतो. चालकाला काही करायला लावणारे इंजिन हाच माझ्या मते अनुभवाचा गाभा आहे. जिथे टॉर्क सगळीकडे सारखाच हजर असतो, तिथे तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येण्याचे कारणच उरत नाही.

आता काच. कॅमॅरोच्या दरवाजाची कड खांद्यापर्यंत येते, छत खाली आहे आणि मागची खिडकी चिंचोळी आहे. वळणाचा आतला काठ नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवावे लागते. गाडी कुठे ठेवायची आहे हेच नीट दिसत नसेल, तर ती तिथे अचूक जाते याचा रस्त्यावर कितीसा उपयोग? मस्टँगमध्ये बॉनेटच्या दोन्ही कडा समोर दिसतात, त्यामुळे अरुंद रस्त्यावर गाडी हवी तिथे आत्मविश्वासाने नेता येते.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरचा यूएस १२९ हा रस्ता घ्या. अकरा मैलांत ३१८ वळणे आहेत आणि वेगमर्यादा ताशी तीस मैलांची आहे. अशा ठिकाणी टायरची पकड कधी संपते हा प्रश्नच येत नाही. तिथे मोजल्या जातात त्या गोष्टी म्हणजे पुढचे वळण किती लवकर दिसते, ब्रेकचा पहिला इंच कसा लागतो आणि गाडी किती अरुंद वाटते. कॅमॅरोचे श्रेष्ठत्व मान्य करायचे झाले तरी ते ट्रॅकवरचे आहे.

लांबचापल्ला

चॅलेंजरला एका वाक्यात निकालात काढल्याबद्दल मी तीव्र असहमती नोंदवतो.

चॅलेंजरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) सुमारे २,९५० मिलिमीटर आहे, म्हणजे मस्टँगपेक्षा वीस सेंटिमीटरहून जास्त, आणि वजन १,९०० किलोच्या वर जाते. हे दोन्ही आकडे वळणात तिच्या विरुद्ध जातात, हे उघड आहे. पण इंटरस्टेटवर, म्हणजे अमेरिकेतल्या लांब महामार्गांवर, सलग आठ तास काढायचे असतील, तेव्हा हेच आकडे तिच्या बाजूने उभे राहतात. पुलाचे सांधे ओलांडताना मस्टँगची पाठ दोनदा उसळते, चॅलेंजर एकदाच हलकी डोलते आणि स्थिर होते. स्टिअरिंग मध्यावर सैल वाटते अशी तक्रार होते, परंतु शंभर मैल सरळ जायचे असताना प्रत्येक श्वासाला वळणारी गाडी थकवते. शिवाय मागच्या सीटवर मोठी माणसे खरोखर बसू शकतात. अनुभव फक्त चालकाचाच मोजायचा, हा नियम कोणी केला?

आणि गिअरविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. चॅलेंजर आणि कॅमॅरो एसएस या दोन्हींमध्ये ट्रेमेक कंपनीचा टीआर-६०६० हाच गिअरबॉक्स आहे. तरीही चॅलेंजरमध्ये तो वेगळा भासतो, कारण क्लच जड आहे आणि गिअर बदलताना मनगट नव्हे तर सगळा हात वापरावा लागतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना धातू धातूवर बसल्याचे तळव्याला कळते. १९७० च्या गाड्यांचा स्पर्श यातल्या कुठल्या गाडीने जपला असेल, तर तो चॅलेंजरने.

घाटमाथा

पाचलिटर, काचेचा मुद्दा रास्त आहे आणि कॅमॅरोची विक्री घसरण्यामागे तो होता यावर माझा विश्वास आहे. २०१८ पासून चॅलेंजरनेही तिला विक्रीत मागे टाकले. पण शोरूममध्ये बसून बाहेर पाहणे वेगळे आणि चालवणे वेगळे. काही आठवडे चालवल्यावर गाडीची रुंदी अंगवळणी पडते, मागच्या सबफ्रेमची चुळबुळ मात्र कायम राहते.

लांबचापल्ला, तुमच्या इतिहासाच्या दाखल्याला माझी हरकत आहे. या गाड्यांची परंपरा सरळ रस्त्याचीच होती असे नाही. १९६७ च्या कॅमॅरो झी/२८ चे ३०२ क्युबिक इंचांचे इंजिन ट्रान्स-ॲम या अमेरिकी ट्रॅक-शर्यतींच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावे म्हणूनच बनवले गेले. १९६८ आणि १९६९ मध्ये मार्क डोनोह्यू यांनी पेन्स्की संघाच्या कॅमॅरोतून त्या मालिकेत वर्चस्व गाजवले आणि १९७० चे विजेतेपद बड मूर यांच्या संघाच्या बॉस ३०२ मस्टँगने घेतले. वळणांवर सिद्ध होणे हे या गाड्यांच्या रक्तात सुरुवातीपासून आहे, आणि २०१७ मध्ये कॅमॅरो झेडएल१ १एलईने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटे १६.०४ सेकंदांची फेरी दिली ती त्याच वाटेने जाऊन.

लांबचापल्ला

त्याच १९७० मध्ये डॉजनेही ट्रान्स-ॲमसाठी चॅलेंजर टी/ए बनवली होती आणि सॅम पोझी त्या मोसमात चॅलेंजर चालवत होते. म्हणजे परंपरा तिघींचीही आहे. मात्र आज विकत घेतलेली गाडी आपण रोज कुठे नेतो, हा प्रश्न त्या शर्यतींनी सुटत नाही.

बाणेरहून

पुण्यातून लिहितो आहे. मस्टँग भारतात २०१६ मध्ये आली ती उजव्या स्टिअरिंगची आणि केवळ ऑटोमॅटिक गिअरची. मित्राच्या गाडीतून द्रुतगती मार्गावर चालवली आहे. कॅमॅरो कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची कधी निघालीच नाही. ऑस्ट्रेलियात एचएसव्ही या कंपनीने ती बदलून विकली, तेवढेच.

माझा मुद्दा असा की ऑटोमॅटिकमध्ये पाचलिटर सांगतात तो इंजिनाचा गुण अर्धा झाकला जातो. खंडाळ्याच्या चढावर रेस दाबली की गिअरबॉक्स आधी विचार करतो, मग दोन गिअर खाली येतो, आणि तोवर समोरची मोकळी जागा संपलेली असते. त्या क्षणी खालूनच ओढणारे मोठे इंजिन हवे होते असे तीव्रतेने वाटले. ज्या गाडीची मजा चढत्या फेऱ्यांत आहे, तिला मॅन्युअल गिअर अनिवार्य आहे. त्याशिवायच्या मस्टँगवरून कोणी निकाल देऊ नये.

पाचलिटर

बाणेरहून, हे तुम्ही नेमके पकडले आणि मी मॅन्युअलविषयीच बोलत होतो हे स्पष्ट करतो. इतकेच नव्हे, तर जीटीच्या गेट्रॅग गिअरबॉक्सचा दांडा थंडीत अडखळतो आणि मस्टँगच्याच मॅक १ या मॉडेलमध्ये दिलेला ट्रेमेकचा गिअरबॉक्स त्याहून कितीतरी नेमका आहे, हेही मान्य करतो.

घाटमाथा, सबफ्रेमची चुळबुळ कायम राहते हे २०१५ च्या गाडीबद्दल बरोबर आहे. मात्र २०१८ पासून चुंबकीय शॉक अब्सॉर्बर मस्टँगलाही घेता येऊ लागले आणि ते असलेली गाडी वळणात पूर्वीसारखी दोन टप्प्यांत बसत नाही. तुम्ही सर्वांत चांगल्या कॅमॅरोची तुलना साध्या मस्टँगशी करत आहात. १एलईसमोर मॅक १ उभी करा, दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर त्याच दिवशी चालवा, आणि मग सांगा की बुश जाणवतात की काच.