जर्मन भाडेकरू म्हणतो, मुंबईत आजारी पडणं सोपं. पटतंय का?

पार्लेकर: आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन भाडेकरू आहे. जुलैमध्ये तापाने फणफणला, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेला. अपॉइंटमेंट नाही, काही नाही. नंबर लावला, तासाभरात आत. डॉक्टरांनी आधी त्याची आयबुप्रोफेन बंद केली. पावसाळ्यातला ताप, डेंग्यू निघाला तर त्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, नुसती पॅरासिटामॉल घे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी डेंग्यूची एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. पठ्ठ्या थक्क! त्याच्याकडे म्हणे स्पेशालिस्टची तारीख मिळायलाच आठवडे जातात. आपण मात्र उठसूट इथल्या डॉक्टरांना नावं ठेवतो. रोजच्या दुखण्याखुपण्याला मुंबईसारखं शहर नाही, हे माझं मत.

गिरणगावकर: खिसा गरम असेल तर! पालिकेच्या केईएम हॉस्पिटलला सकाळी केस पेपरच्या रांगेत उभे राहा, मग बोलू. डॉक्टर तिथेही उत्तमच, पण तुमचा जर्मन त्या रांगेत नव्हता.

पूर्वाश्रमीची_म्युनिककर: तुमच्या भाडेकरूने अर्धीच गोष्ट सांगितली. त्वचेच्या डॉक्टरसाठी मीही तिथे थांबले आहे, खाजवत. पण नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा हॉस्पिटलात दिवसाला 10 युरो भरले, बाकी सगळं विम्यातून. आजारपणात सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. आरोग्य विम्यासाठी पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडी वर्गणी जाते, त्यातली निम्मी कंपनी भरते. इथे सासऱ्यांना एका खासगी हॉस्पिटलात नेलं, तर कॅशलेस पॉलिसी असूनही आधी डिपॉझिट. डिस्चार्ज सकाळी लिहिला आणि टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या एजन्सीची) मंजुरी यायला रात्र झाली. सासरे कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर बसून.

पार्लेकर: ताई, मी ऑपरेशनबद्दल बोललोच नाही. रोजचं म्हणतोय.

काउंटरमागून: मग रोजचंच सांगतो, माझं मेडिकल आहे. लोक येतात, "घसा धरलाय, सेफिक्झिम द्या, तीनच गोळ्या." ती अँटिबायोटिक, शेड्यूल एच-वन म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली. चिठ्ठी हवी, आणि रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, गोळ्या सगळं लिहून ते तीन वर्षं जपायचं. मी नाही म्हटलं की माणूस समोरच्या दुकानात जातो आणि मिळवतो. परदेशी पाहुण्यांना हीच सोय फार आवडते. ते कौतुक मला तरी गोड लागत नाही.

पार्लेकर: हे मान्य. पण म्हणून दारात येणारा लॅबवाला वाईट ठरत नाही.

गिरणगावकर: वाईट कोण म्हणतंय? तुमच्या जर्मनचं एकूण बिल किती झालं ते सांगा.

पार्लेकर: रोजच्या प्लेटलेटच्या तपासण्या धरून सहा हजारांच्या आत. पॉलिसी ओपीडीला चालत नाही, खिशातून दिले. त्याला स्वस्त वाटलं.

गिरणगावकर: वाटणारच. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. तो दोन दिवस ताप अंगावर काढतो आणि तिसऱ्या दिवशी वरच्या काउंटरवाल्या दादांकडे तीन गोळ्या मागायला जातो. पालिकेच्या आपला दवाखान्यात फुकट तपासतात, हे त्याला कोणी सांगितलंय का?

पार्लेकर: आज सांगतो.