फॅशन शोच्या बॅकस्टेजला इंटर्नशिप : रेशमावरचे डाग, नऊवारीचा बदल आणि अडकलेले मानधन (मदत हवी आहे)

नमस्कार. मी पुण्यात फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या महिन्यात मुंढव्याकडच्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये झालेल्या शोसाठी मी दोन दिवस बॅकस्टेजला ‘ड्रेसर’ म्हणून काम केले. एका रॅकवरचे कपडे सांभाळायचे, ते मॉडेलच्या अंगावर चढवायचे आणि उतरवले की पुन्हा हँगरला लावायचे, असे हे काम असते. त्याच डिझायनरच्या पुढच्या शोसाठी मला पुन्हा बोलावणे आले आहे. शो तीन आठवड्यांवर आहे आणि जाण्याची इच्छाही आहे, परंतु पहिल्या वेळी जे घडले त्यामुळे मन धजावत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे तीन मॉडेल आणि सात पेहराव होते. फिटिंगच्या वेळी काढलेले छायाचित्र प्रत्येक हँगरला लावायचे आणि त्या पेहरावाचे दागिने पिशवीत घालून तिथेच बांधायचे, असे आम्हाला वर्गात शिकवले आहे. प्रत्यक्षात निम्म्या हँगरांवर नुसती क्रमांकाची चिठ्ठी होती आणि सगळे दागिने एकाच स्टीलच्या डब्यात होते. सकाळचा दीड तास ‘हे झुमके कशावरचे?’ असे विचारत फिरण्यात गेला.

त्या गडबडीत कुणीतरी स्टीमर माझ्या हातात दिला. हॉटेलला पाणी टँकरचे होते आणि स्टीमरमध्ये तेच नळाचे पाणी भरलेले होते. मोतिया रंगाच्या टसर रेशमाच्या एका लांब झग्याला मी वाफ देत होते आणि स्टीमरची नळी खाली लोंबत होती. तिच्यात साचलेले पाणी गुरगुरले आणि चार-पाच थेंब एकदम पुढच्या घेरावर उडाले. ते वाळल्यावर प्रत्येक थेंबाभोवती, बशीत सांडलेला चहा सुकल्यावर राहते तशी, पिवळसर कडा उमटली. मी घाबरून ओल्या रुमालाने तिथे घासले आणि डाग आणखी पसरले. डिझायनर ओरडल्या नाहीत, त्यांनी वरून ओढणी घेऊन तो झगा रॅम्पवर पाठवला. मात्र तोंडी ठरलेले दोन हजार रुपये मानधन ‘ड्रायक्लीनिंगला गेले’ असे सांगून मला दिले गेले नाही. बिल मी पाहिलेले नाही.

दुसरी अडचण कपडे बदलण्याच्या वेळेची आहे. बारा मॉडेल असतील आणि दर वीस सेकंदांनी एक बाहेर जात असेल, तर पहिलीची दुसरी फेरी २४० सेकंदांनी येते. त्यातले साधारण साठ सेकंद ती रॅम्पवरच असते, म्हणजे बदलायला तीन मिनिटे उरतात. ऐनवेळी दोघी आल्या नाहीत आणि ही तीन मिनिटे १४० सेकंदांवर आली. त्यात माझ्या वाट्याला नऊवारी होती. कासोटा खोचेपर्यंत त्या मॉडेलचे नाव दोनदा पुकारले गेले आणि शेवटी तिचा क्रमांक दोन जणींनी मागे ढकलावा लागला. निऱ्या सुटतील या भीतीने मी इतक्या पिना लावल्या होत्या की परत आल्यावर तिला सोडवायला दोघी लागलो.

रेशमाला वाफ सुरक्षितपणे कशी द्यावी, नऊवारीचा बदल इतक्या थोड्या वेळात शक्य तरी आहे का, आणि मानधनाचा विषय संबंध न बिघडवता कसा काढावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. ‘असेच असते, सहन करा’ हा सल्ला मैत्रिणींकडून मिळून झाला आहे, तो कृपया नको.

प्रतिसाद १

मी फॅशनच्या क्षेत्रातला नाही. नाटकाच्या कपडेपटात बावीस वर्षे काढली, त्या अनुभवावर लिहितो.

गाडीच्या बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी घरूनच न्यावे, कारण टँकरच्या पाण्यातले क्षार हलक्या रंगाच्या रेशमावर उमटतात. नळी वर ताणलेली ठेवावी, पहिली वाफ जुन्या पंचावर सोडून पाहावी आणि रेशमाला उलट्या बाजूने, मध्ये मलमलचे फडके धरून वाफ द्यावी. थेंब पडलाच तर टिपावे, पण घासू नये. पाणी आणि यंत्र त्यांचे होते, घासणे तुमचे होते. तेवढा भाग मोकळेपणाने कबूल करा आणि मग ड्रायक्लीनिंगचे बिल पाहायला मागा. हे सगळे फोनवर न बोलता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. बिल दोन हजारांचे नसेल, तर उरलेले पैसे तुमचे आहेत. पुढच्या वेळी रॅक ताब्यात घेताना प्रत्येक कपड्याचा फोटो काढून त्यांच्यासमोरच त्यांना पाठवा. आधीचा डाग, निघालेला हूक, सगळे त्यात दिसले पाहिजे.

नऊवारीबद्दल सांगायचे, तर बालगंधर्वांच्या साड्यांचे आणि दागिन्यांचे अनुकरण त्या काळच्या बायका करीत असत, परंतु वीस सेकंदांचा हिशेब त्यांच्यामागे नव्हता. नऊ वार लुगडे १४० सेकंदांत नीट नेसवता येत नाही, मग नेसवणारी कितीही तरबेज असो. निऱ्या आणि कासोटा आधी बसवून कमरपट्टीवर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवता येतात. टाके जरीवर येऊ देऊ नयेत, म्हणजे नंतर उसवल्यावर साडीला सहसा काही होत नाही. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे नऊवारी त्या मॉडेलच्या पहिल्या फेरीत घ्यावी. ती निवांत नेसवून होते आणि घाईच्या बदलाला सुटसुटीत पेहराव येतो. त्या पेहरावाच्या चेन उघड्या, बटणे काढलेली आणि चपलांचे बंद सोडलेले, असे सगळे चढवण्याच्या क्रमाने मांडून ठेवावे. डोक्यावरून घालायचे काही असेल, तर आधी चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकावी, नाहीतर कपड्याच्या गळ्याला मेकअप लागतो.

धागाकर्तीचा (मूळ प्रश्न विचारणारीचा) प्रतिसाद

काका, मनापासून आभार. काल डिझायनरना लिहून पाठवले. बिल ११५० रुपयांचे निघाले आणि उरलेले ८५० आज जमा झाले. रॅकचे फोटो काढायलाही त्यांची हरकत नाही.

क्रमाबाबत मात्र अडचण आहे. या वेळची नऊवारी म्हणजे त्यांच्या आजीची जुनी पैठणी आहे, ती शोच्या अगदी शेवटी यायची आहे आणि तिला टाका लावू देण्यास त्यांचा ठाम नकार आहे. तेव्हा ती अशा मॉडेलला द्यावी जिची एकच फेरी आहे, असे मी सुचवले आहे. हे त्यांनी मान्य केले, तर ती नेसून तासभर बसून राहणार. इतक्या वेळात जुन्या रेशमाला निऱ्यांच्या घड्यांवर चीर जाण्याचा धोका असतो का, आणि तिला उभेच ठेवावे की पाठ नसलेल्या स्टुलावर बसवावे? बोहरी आळीत उद्या सामान आणायला जाणार आहे, तिथून काही घ्यायला हवे असेल तर तेही कळवावे.