कॉन्टेसाच्या एसीची कॉइल कुठे मिळेल?

सांगलीकर: बाबांची १९९२ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १८०० सीसी इंजिन. कूलिंग कॉइल गळतेय, कॉम्प्रेसरचा क्लचही पकडत नाही. इथे गॅस भरून देतात, आठवड्यात पुन्हा गरम हवा. बाबा आता पंचाहत्तरीचे. मे महिन्यात त्यांना याच गाडीतून पंढरपूरला न्यायचंय. कुणी मार्ग दाखवाल का?

जुनी_गाडी: कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचा. सँडन कंपनीचं ५०८ मॉडेल असेल तर त्याजागी चालणारं ५एच१४ मिळतं. पुलीच्या खाचा आणि पाइपांची तोंडं मात्र जुळवून घ्या. जुनी कॉइल फेकू नका हं! तीच नमुना म्हणून पुण्यात नाना पेठेत फिरवा, मापाची शोधता येईल.

नाशिकचा: मूळ गॅस आर-१२ असणार. त्याऐवजी आर-१३४ए गॅस भरताना कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल तेल पूर्ण काढा, ते या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. त्याजागी एस्टर ऑइल घाला, नवे ओ-रिंग (जोडांवरच्या रबरी कड्या) आणि नवा ड्रायर (ओल शोषणारा भाग) बसवा. मग पंपाने आतली हवा काढून व्हॅक्यूम अर्धा तास टिकतो का पाहा, त्याआधी गॅस भरू देऊ नका.

सांगलीकर: ५०८च निघाला! मनापासून आभार. शनिवारी कॉइल घेऊन पुण्याला निघतो.