पाहुण्यांच्या सपाता: जपानमध्ये शिकवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

पहिल्या दिवशी शाळेच्या दारात मला तपकिरी सपाता दिल्या. त्यांवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं 'रायहिन', म्हणजे मानाचा पाहुणा. बाहेरचे बूट दाराशी काढून आतले बूट घालायचे, हा इथला नियम मला माहीत होता, पण माझे आतले बूट ठेवायला कप्पाच नव्हता. तीन आठवड्यांनी शिक्षकांच्या रॅकमध्ये एका कप्प्यावर काताकाना लिपीत माझं नाव दिसलं. आईला फोन केला तेव्हा आधी तेच सांगितलं.

मी मूळची पुण्याची, आता ओकायामात माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. पुण्यात जपानी शिकणारी कितीतरी मुलं-मुली मला विचारतात, शिकवायला यावं का? परदेशातून सहायक शिक्षक आणणारा 'जेट' हा सरकारी कार्यक्रम 1987 पासून चालू आहे. करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. 2020 पासून प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. एवढं कुठेही कळतं. रोजचा दिवस कसा जातो ते मात्र कोणी सांगत नाही. मंदिरं आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नको. वर्ग, स्टाफरूम, घर यांबद्दल लिहा. आपण इथे पाहुणे नाही असं कधी वाटलं? वाटलंच नसेल तर तेही लिहा.

आइची, प्राथमिक शाळा

माझं उत्तर डब्यात आहे. मी शाकाहारी. इथे दुपारचं जेवण, 'क्यूशोकु', शाळेतच असतं आणि शिक्षकही वर्गात मुलांबरोबर जेवतात. पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलंच वाढतात. प्रत्येकाला 200 मिलीचं दूध. मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवण चाखून बघतात, हे मला फार आवडतं. अडचण अशी, की नुसत्या भाजीच्या सूपातही 'दाशी', म्हणजे माशाचा अर्क, असतो.

शाळेच्या आहारतज्ज्ञ बाईंनी महिन्याचा तक्ता घेऊन माझ्याशेजारी बसून एकेक पदार्थ तपासला आणि जे मला चालेल त्याभोवती पेन्सिलने गोल केले. महिन्याभरात गोल झाले चार, त्यातले दोन भाताचे. मग डबा आणायची परवानगी त्यांनीच मिळवून दिली. थालीपीठ बघून मुलांना त्यांचं तव्यावरचं जाड धिरडं आठवलं, ती ओरडली, "ओकोनोमियाकी!" आता थालीपीठ हा शब्द तिसरीच्या त्या वर्गाला पाठ आहे. पुढच्या महिन्याचा तक्ता आला तेव्हा गोल आधीच केलेले होते. मी मागितले नव्हते.

साइतामा, कंपनीमार्फत

मला नाही वाटलं. मी शाळांना सहायक शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस, शाळेचा नाही. आमच्या कंत्राटात वर्गातले जपानी शिक्षक मला थेट सूचना देऊ शकत नाहीत, दिल्या तर ते बेकायदा ठरतं. सूचना कंपनीकडून यायला हव्यात. दोघांनी मिळून तास घ्यायचा, आणि तासाआधी "आज हे असं करू या" एवढंही बोलायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माझ्याशी बोलायचं असतं ते कळतं. त्या थांबतात आणि वही पुढे सरकवतात.

आठवड्यात चार शाळा करतो. आतले बूट पिशवीत घेऊन फिरतो. ऑगस्टमध्ये शाळा बंद, तेव्हा पगार निम्म्याहून कमी. भाडं मात्र पूर्ण. नव्या मुलांनो, करार घेताना उन्हाळ्याच्या पगाराचं कलम आधी वाचा. शहराने थेट नेमणूक केली तर हा त्रास सहसा नाही. मुलं मला आवडतात, शिकवणं आवडतं. म्हणूनच ही गोष्ट लागते.

मियागी

मी लातूर जिल्ह्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीपासून दूर, आमच्या घराची एकच भिंत पडली. पण आजीने पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यातही अंगणातच बाज टाकली.

इथे पहिल्या वर्षी भूकंपाची कवायत झाली. भोंगा वाजला, लाउडस्पीकरवर घोषणा झाली आणि तीस मुलं एका क्षणात बाकांखाली गेली. बाकाचे पाय दोन्ही हातांनी धरलेले. एकाचाही आवाज नाही. मी फळ्याशी उभाच. दुसऱ्या रांगेतल्या मुलीने खालूनच हात हलवून मला टेबलाखाली जायला सांगितलं. मग मैदानावर. वाटेत मुलं 'ओ-हा-शि-मो' पाळतात: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. जपानी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून केलेली ही खूण पहिलीच्या मुलालाही येते. मैदानावर मोजणी झाली. यादीत शिक्षकांच्या नावांत माझंही नाव पुकारलं गेलं. मी "हाइ" म्हणालो आणि घसा दाटला.

आमच्याकडे ते शिकवायला कोणी नव्हतं. दगड-मातीची जड घरं होती, लोक झोपेत होते. इथे 2011 च्या भूकंपाच्या आठवणीत 11 मार्चला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भोंगा होतो आणि सगळे उभे राहतात. मुख्याध्यापकांना मी किल्लारीबद्दल सांगितलं होतं. पुढच्या कवायतीआधी त्यांनी मला पाच मिनिटं मुलांशी बोलायला लावलं. आजीच्या बाजेबद्दल बोललो. ज्या मुलीने हात हलवला होता, तिने विचारलं, "आजी पुन्हा घरात कधी झोपली?" मला सांगता आलं नाही. रात्री भावाला फोन करून विचारलं. 1999.

एदोगावा, तोक्यो

आमच्या निशी-कासाईत भारतीय इतके, की बसस्टॉपवर मराठी कानावर येतं. 2019 मध्ये इथूनच मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, आणि नंतर इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. सहायकाच्या खुर्चीपुढेही दार आहे, हे नव्यांना कळावं म्हणून सांगितलं.

निइगाता

मार्च महिना जपून. सरकारी शिक्षकांच्या बदल्या तेव्हाच जाहीर होतात, आणि त्यांनाही थोडेच दिवस आधी कळतात. तीन वर्षं ज्यांच्याबरोबर तास घेतले त्या सर एका मंगळवारी म्हणाले, "एप्रिलपासून मी दुसऱ्या गावी." निरोपाच्या समारंभात मुलं रडली, सर रडले. संध्याकाळी त्यांनी टेबल रिकामं केलं. बर्फ खोरण्याचं लाल फावडं माझ्या हातात देऊन म्हणाले, गेटपासून दारापर्यंतची वाट सकाळी सातच्या आत मोकळी लागते, पुढच्या हिवाळ्यात ही तुझी पाळी.