शॉकला मराठीत काय म्हणायचं? धक्का, हादरा का दणका?

अर्धवटराव: मंडळी, एक मदत हवीये. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी चांद्रयान-३ वर लिहितोय. मार्च २०२३ मधे बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात यानाच्या व्हायब्रेशन आणि अकूस्टिक (म्हणजे मोठ्या आवाजाच्या) टेस्ट झाल्या, तिथून सुरुवात केलीय. व्हायब्रेशनचं कंपन झालं, त्यात वाद नाही. पुढे यान रॉकेटपासून सुटतानाचा शॉक आला आणि गाडी अडली. 'धक्का' लिहिलं तर बायको म्हणते यानाला ढकललं का कोणी? आणि शॉक लोडचं 'धक्काभार' केलं ते वाचून मलाच हसू आलं.

टेबलावरचा: वहिनींचं बरोबर आहे. मी बरीच वर्षं शेकर टेबलवर, म्हणजे वस्तू गदागदा हलवून तपासायच्या यंत्रावर काढली (अख्खं यान नाही हो, इलेक्ट्रॉनिक्सचे डबे). धक्का दिला की वस्तू सरकते, इथे सरकत काहीच नाही. यानाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे बोल्ट बऱ्याचदा बारक्याशा स्फोटाने कापतात आणि तो ठोका धातूतून पळत जातो, सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. जवळचा सेन्सर हजारो जी दाखवतो आणि यान जागच्या जागी. सांगाड्याला सहसा ओरखडाही नाही, मरतात ती बारकी कडक मंडळी, क्रिस्टल तडकतं, सिरॅमिकच्या कपॅसिटरला चीर जाते, रिलेचे पॉइंट क्षणभर उघडतात. छिन्नीवर घण मारून बघा, दगड हलत नाही पण छिन्नी धरलेल्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, तेच. आम्ही सरळ 'दणका' म्हणायचो. "आज दणका आहे, चहा आधी उरकून घ्या."

शुद्धमती: लेखात दणका?? पेपरवाल्यांनी त्या शब्दाची पार वाट लावलीय, रोज कोणाला तरी कोर्टाचा दणका. 'आघात' घ्या की, मुळातच मारणं आहे त्यात.

वऱ्हाडी ठेचा: आघात म्हटलं की मले तर पक्षाघातच आठवते. हादरा काहून नाही?

टेबलावरचा: हादरा मोठ्या धुडाचा असतो हो भाऊ, पूल हादरतो, इमारत हादरते. रॉकेट पेटल्यावर यान हादरतं हे बरोबर, साइन टेस्ट (एका वेळी एकाच तालात हलवायचं, ताल वाढवत न्यायचा) त्यासाठीच, साधारण ५ ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके हेलकावे. रँडम टेस्ट (सगळे ताल एकदम मिसळून) २० ते २००० आणि दणका पार १०,००० पर्यंत जातो. वर जाल तसा आपला शब्दही बारीक होतो बघा: हेलकावा, हादरा, थरथर, झिणझिणी. टाकीतलं इंधन हलतं त्याला तर 'हिंदकळणं' आयतंच आहे, आणि अनुनाद समजवायचा तर एसटी ठराविक वेगाला आली की एकच खिडकी खडखडते ती सांगा, दुसरं काही नको.

कृष्णाकाठ: धक्क्याला इतकं टाकाऊ ठरवू नका राव. आमच्याकडे कोयनेच्या बाजूला भूकंपाचा धक्काच बसतो, घर काही सरकत नाही. शिवाय शॉकचं गणित आलंय तिकडूनच. बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून टंग करायचो ना आपण, तशा आखूड लांब पट्ट्या एकाच फळीवर बसवायच्या, फळीला ठोका द्यायचा आणि कुठली पट्टी जास्तीत जास्त किती डोलली ते मांडायचं, झाला शॉक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम. हा विचार मॉरिस बिओ नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात भूकंपातल्या इमारतींसाठी केला, यानं फार नंतरची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची कोयना धरणावरच्या यंत्राने टिपलेली नोंद तर धरणांचा अभ्यास करणारे अजून वापरतात.

टेबलावरचा: हे मान्य, भूकंपाचा धक्का विसरलोच होतो. पण फळीला तुम्हीसुद्धा 'ठोका'च दिलात :)

शुद्धमती: आणि ते 'भार' जपून वापरा, भारनियमनामुळे लोकांना आधी लाइट गेलेलेच आठवतात.

अर्धवटराव: असं केलंय. रॉकेट चढताना हादरे, यान सुटताना दणका, भार उडवला. बायकोला वाचून दाखवलं, दणका पटला पण म्हणाली हे हजारो जी कोण? फाइव्ह जी ऐकलंय फक्त.

टेबलावरचा: गुरुत्वाचा जी हो. त्याला वेगळा धागा काढा, इथे नको.